क्लाउड स्टोरेजचं सबस्क्रिप्शन: पैसे कुठे भरले, यावर ठरतात नियम

सोलापूरच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांचे इतके व्हिडिओ काढले, की माझा फोन पूर्ण भरला. घरी येऊन एका क्लाउड बॅकअप अ‍ॅपमधूनच महिन्याचा प्लॅन घेतला. नंतर व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवले, अ‍ॅप डिलीट केलं आणि विसरलो. पैसे मात्र पुढचे तीन महिने कटत राहिले. बँकेचे मेसेज येत होते, मीच वाचत नव्हतो. चूक माझी, पण त्यातून एक गोष्ट कळली: अ‍ॅप म्हणजे फक्त दार. आपला पैशांचा व्यवहार दाराआडच्या स्टोअरशी असतो.

स्टोअरचा नियम काय?

अ‍ॅपमधून सोलापुरी चादर मागवली, तर ती खरी वस्तू आहे. तिथे कंपनी यूपीआय, कार्ड, काहीही वापरू शकते. क्लाउडची जागा मात्र डिजिटल सेवा ठरते. ती अ‍ॅपच्या आत विकायची, तर साधारणपणे स्टोअरची पेमेंट पद्धत वापरावी लागते आणि स्टोअर त्यातून कमिशन घेतं. अ‍ॅपलचा ठरलेला दर पहिल्या वर्षी ३० टक्के, त्यानंतर १५ टक्के. छोट्या डेव्हलपर्सना २०२१ पासून सुरुवातीलाच १५ टक्क्यांची सवलत मिळते. गूगल प्लेने १ जानेवारी २०२२ पासून सबस्क्रिप्शनवरची फी १५ टक्क्यांवर आणली. म्हणूनच काही सेवांचा प्लॅन अ‍ॅपमध्ये महाग आणि वेबसाइटवर स्वस्त दिसतो. घेण्याआधी दोन्हीकडे भाव बघा.

काही अ‍ॅप्समध्ये 'खरेदी करा' बटणच का नसतं?

अ‍ॅप बिघडलेलं नसतं. सप्टेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने नियम स्पष्ट केला: क्लाउड स्टोरेज, ईमेल यांसारख्या वेबवरच्या पेड सेवेचं मोफत अ‍ॅप स्टोअरचं पेमेंट न वापरता देता येतं. अट एकच, अ‍ॅपमध्ये काही विकायचं नाही आणि 'वेबसाइटवर जाऊन घ्या' असंही सांगायचं नाही. त्यामुळे तुम्हाला नुसतं लॉगिन दिसतं. प्लॅन ब्राउझरमधून घ्यावा लागतो.

भारतात काय बदललं?

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या पेमेंट धोरणासाठी गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान गूगलने भारतात अ‍ॅप कंपन्यांना स्वतःची पेमेंट पद्धतही शेजारी दाखवायची मुभा दिली. त्या वेळी फी ४ टक्क्यांनी कमी लागते, शून्य होत नाही. म्हणून काही अ‍ॅप्समध्ये पैसे भरताना दोन पर्याय दिसतात. कुठला निवडला, ते लक्षात ठेवा, कारण प्लॅन बंद करायची जागा त्यावरच ठरते.

दुसरा आधार रिझर्व्ह बँकेचा. ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना देणं बंधनकारक आहे. मी दुर्लक्ष केलेले मेसेज हेच!

बंद कसं करायचं?

१. अँड्रॉइडवर घेतलं असेल तर: प्ले स्टोअर, वर प्रोफाइल फोटो, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', मग 'सबस्क्रिप्शन्स'.
२. आयफोनवर: सेटिंग्ज, वर तुमचं नाव, मग 'सबस्क्रिप्शन्स'.
३. वेबसाइटवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या पेमेंटने: त्या वेबसाइटवर लॉगिन करून. स्टोअरच्या यादीत ते सापडणार नाही.

आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला, तरी जुना प्लॅन अ‍ॅपलकडेच बंद करावा लागतो. फ्री ट्रायल असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, किमान एक दिवस आधी रद्द करा.

आणि फोटोंचं काय?

रद्द करण्याआधी सगळं डाउनलोड करून घ्या. गूगलवर मोफत जागा १५ जीबी, आयक्लाउडवर ५ जीबी. गूगलची मर्यादा ओलांडलेली राहिली, तर नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणंही थांबू शकतं. दोन वर्षं तसंच राहिलं, तर गूगल साठवलेलं काढून टाकू शकतं.

आता फोन हातात आहेच, तर ती 'सबस्क्रिप्शन्स'ची यादी एकदा उघडा. माझ्या यादीत क्लाउडखेरीज विसरलेलं आणखी एक अ‍ॅप निघालं होतं.