वऱ्हाड : एक नाव, दोन लेखने

आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याला वऱ्हाडी बोलीवरील ग्रंथांची सूची करायची होती. अकोल्याला घरी बसून त्याने एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत ‘वऱ्हाड’ हा शब्द टंकित केला. एकही नोंद मिळाली नाही. अमरावतीस विभागातील संगणकावरून आम्ही तोच शब्द त्याच सूचीत शोधला, तेव्हा नोंदींची रांग लागली. दोन्ही पडद्यांवर शब्द अगदी सारखा दिसत होता. या कोड्याचा विचार करताना आम्हांला वऱ्हाडातीलच एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते येथे. पुढे पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्यांपैकी सर्वांत प्रचलित ती सकळ लिपी. एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण योजायचा, हे तिचे मूळ सूत्र. किल्ली ठाऊक नसलेल्यास पोथी हाती असूनही ती मुकीच राही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी हे कोडे उलगडले आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, ते याच वाटेवरून. अक्षरे पोहोचली म्हणजे मजकूर पोहोचला असे नव्हे, सोबत किल्लीही पोहोचावी लागते, हा या इतिहासाचा धडा आहे.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला केवळ अंक कळतो. कोणत्या अंकास कोणते अक्षर म्हणायचे, हा संकेत म्हणजेच त्याची किल्ली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत आला व १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’वरच बेतलेली आहे. तरीही पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील टंकलेखनाच्या दुकानांतून लग्नपत्रिका आणि शोधप्रबंध बाहेर पडत होते ते निराळ्याच पद्धतीने. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले जात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर प्रबंध उघडला की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसे. आमच्या पिढीने नकळत पाळलेली ही सकळ लिपीच होती.

युनिकोड रूढ झाल्यावर प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. परंतु एका संगणकाने दुसऱ्याकडे विनंती पाठवताना हे अंक बाइटांच्या रूपात जातात. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. वेबपत्त्यातून जाताना प्रत्येक बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंक लिहावे लागतात, म्हणजे एकट्या ‘व’साठी नऊ चिन्हे. घेणाऱ्याला पद्धत सांगितली नाही, तर तो अंदाज करतो. १९९९ च्या एचटीटीपी नियमावलीनुसार, संकेत न सांगितलेला मजकूर पश्चिम युरोपीय भाषांच्या ‘लॅटिन-१’ संचातला समजायचा होता. तो नियम २०१४ मध्ये काढून टाकण्यात आला. दरम्यान कित्येक मराठी नावांतील एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे उमटली.

‘वऱ्हाड’ची अडचण याहून सूक्ष्म आहे. येथे दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ मान्य होते. मात्र ‘ह’च्या आधीचा तो वळणदार अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतो. युनिकोडची शिफारस हीच आहे. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही रीतही ग्राह्य ठेवली आहे. पहिल्या रीतीने ‘वऱ्हाड’ अठरा बाइटांचे होते, दुसऱ्या रीतीने एकवीस. डोळ्यांस भेद दिसत नाही, पण यंत्रास साम्य दिसत नाही. समरूप लेखने एक करण्याची युनिकोडची स्वतःची प्रक्रियाही या दोन रूपांना एक करीत नाही. अकोल्याचा कळफलक एका रीतीचा होता, आमचा दुसऱ्या.

काही प्रणाली ते अदृश्य चिन्ह कचरा समजून गाळतात. मग ‘वर्हाड’ असे रफाराचे रूप उरते. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. आचार्यांना बोलावले की आचाऱ्यांना, हे त्या एका वळणावर ठरते. आपली भाषा जो भेद अर्थासाठी जपते, तो यंत्राच्या दृष्टीने फेकून देण्याजोगा ठरावा, ही गोष्ट भाषेच्या अध्यापकांनी तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखी नाही.

उपाय अवघड नाहीत. पाठवणाऱ्याने संकेत स्पष्ट सांगावा. शोध घेणाऱ्या प्रणालीने तुलनेपुरती दोन्ही रूपे एक मानावीत, मूळ लेखन मात्र जसेच्या तसे जपावे. पोथीचा संपादक आपल्या प्रती व पाठभेद प्रस्तावनेत नोंदवतो. डिजिटल आवृत्तीच्या संपादकानेही ‘ऱ’ कोणत्या रीतीने लिहिला आहे ते नोंदवावे. आज रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथील हस्तलिखिते उद्या संगणकावर येतील, तेव्हा ही नोंद पाठचिकित्सेचाच भाग मानली जावी, असे आम्हांला वाटते.

आमच्या विद्यार्थ्याने अखेर दोन्ही रीतींनी शोध घेतला आणि दोन याद्या जोडून आपली सूची पूर्ण केली. सकळ लिपी लिहिणाऱ्यांना आपण काय झाकतो आहोत हे ठाऊक होते, आणि किल्लीही त्यांच्याजवळ होती. आपण मात्र झाकतो आहोत हेच आपल्याला ठाऊक नसते.