गर्भाशयदर्शनाचा इतिहास आणि ऊसतोड कामगार स्त्रिया : सोलापूर-बीड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी गळीत हंगामात बीड जिल्ह्यातून हजारो ऊसतोड जोडपी येथील फडांवर येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, 'कोयता' म्हणून नवरा-बायकोची एकत्र गणना आणि खाडा झाल्यास होणारी दंडाची वजावट या व्यवस्थेत स्त्रीची मासिक पाळीही कामातील अडथळा ठरते. याच पार्श्वभूमीवर 'पिशवी काढण्याचा' प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला. गर्भाशयाच्या आत डोकावून पाहण्याचे तंत्र उपलब्ध असताना न पाहताच ते काढले जावे, या विसंगतीचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तंत्राची वाटचाल :
शरीराच्या पोकळीत प्रकाश नेण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न जर्मन वैद्य फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास केला. त्यांच्या उपकरणात मेणबत्तीचा उजेड आरशाने परावर्तित होत असे. १८६९ मध्ये पँटालिओनी यांनी साठ वर्षांच्या, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या एका स्त्रीचे गर्भाशय नळीतून तपासले, आतील मांसल वाढ पाहिली आणि सिल्व्हर नायट्रेटने तिच्यावर उपचार केला. निदान आणि उपचार एकाच वेळी होऊ शकतात, हे त्यातून दिसले. तथापि मंद प्रकाश, रक्ताने झाकोळणारी दृष्टी आणि एकमेकांना चिकटलेल्या गर्भाशयाच्या भिंती या अडचणींमुळे हे तंत्र शतकभर मागे राहिले. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांची दंडगोलाकार भिंगांची रचना, शीतप्रकाश आणि पोकळी फुगविण्यासाठी वायू वा द्रव यांचा वापर यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते व्यवहार्य झाले. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅक हामू यांनी बारीक दुर्बीण प्रचारात आणली. १९९० च्या दशकात इटलीतील स्तेफानो बेतोक्की यांनी योनिमार्ग उघडण्याचे साधन व चिमटा न वापरता दुर्बीण सरकविण्याची पद्धत रूढ केली. सुमारे तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतून सलाइन सोडून ही तपासणी बाह्यरुग्ण विभागातच, बहुधा भूल न देता, काही मिनिटांत होते. मांसल वाढ, आतील गाठ वा अस्तराचा बदल प्रत्यक्ष दिसतो आणि संशयास्पद जागेचा तुकडा तपासणीस घेता येतो.

बीडचा अनुभव :
विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले; म्हणजे सहांपैकी जवळजवळ एकीचे. अंगावरून जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आल्याचे त्यांच्या कथनांतून पुढे आले. अंडाशयेही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. उसाची मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईला हे नुकसान अधिक भोवते. पुढे बीडमध्ये खाजगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली.

मर्यादा :
दुर्बीण हा सर्व प्रश्नांवरील उतारा नव्हे. तिला अंडाशय वा गर्भाशयाच्या बाहेरची विकृती दिसत नाही. गर्भारपणात आणि तीव्र जंतुसंसर्गात ती टाळावी लागते. काही स्त्रियांना वेदनाही होतात. शिवाय फडावर पाणी, शौचालय आणि पाळीच्या दिवसांत पगारी विश्रांती नसेल, तर निदान कितीही अचूक असले तरी बाईपुढचा पेच सुटत नाही.

निष्कर्ष :
दीडशेहून अधिक वर्षांचा हा इतिहास एक साधे सूत्र सांगतो : आधी पाहावे, मग ठरवावे. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि हंगामात कामगार स्त्रिया याच जिल्ह्यात काही महिने राहतात. त्या काळात त्यांना तालुक्याच्या ठिकाणी अशी तपासणी आणि समजेल अशा भाषेत सल्ला मिळाला, तर शस्त्रक्रियेचा निर्णय भीतीपोटी नव्हे, माहितीच्या आधारे होईल. तंत्राचे खरे मोल ते कोणाच्या दारापर्यंत पोचते, यावरच ठरते.