पक्षाघात

शरीराच्या उजव्या वा डाव्या बाजूच्या हातापायांची इच्छेनुसार हालचाल करण्याची शक्ती लोपली, म्हणजे त्या अवस्थेस पक्षाघात वा अर्धांगवायू म्हणतात. ‘पक्ष’ म्हणजे देहाची एक बाजू व ‘आघात’ म्हणजे तडाखा. ग्रीक ‘हेमिप्लेजिया’ या संज्ञेतही अर्धा भाग व तडाखा हेच दोन घटक आहेत. धडधाकट माणूस क्षणार्धात कोसळलेला ज्यांनी पाहिला, त्यांना याहून समर्पक शब्द सुचणे कठीणच होते. प्रकुपित वायू धमन्यांत शिरून एका बाजूचे संधिबंध शिथिल करतो, अशी मीमांसा सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आहे; केवळ वातजन्य विकार अत्यंत कष्टसाध्य आणि धातुक्षयाने उद्भवलेला असाध्य, असा निवाडाही तेथेच दिलेला आहे. ‘अंगावरून वारे गेले’ या मराठी वाक्प्रचारात हीच वातकल्पना आजतागायत नांदते आहे. हकिमी वैद्यकात या व्याधीस ‘फालिज’ म्हणतात व त्या अरबी शब्दाच्या मुळाशी दुभंगण्याचा अर्थ आहे. ‘लकवा’ ही तेथे केवळ चेहऱ्याच्या विकाराची, म्हणजे आयुर्वेदातील अर्दिताची संज्ञा असून मराठी बोलीत मात्र ती सरसकट रूढ झाली.

पक्षाघात हे लक्षण होय, रोग नव्हे, हे ध्यानी ठेवणे अत्यंत जरूर आहे; कारण मूळ बिघाड बहुधा हातापायांत नसून मेंदूत, तेथील रक्तवाहिनी तुंबल्याने वा फुटल्याने झालेला असतो, आणि इलाजातील दिरंगाईने वाचण्याजोगा भागही नष्ट होतो. मेंदूकडून निघणारे बहुतेक प्रेरक तंतू लंबमज्जेत परस्परांना छेदून पलीकडे जात असल्यामुळे विकार डावीकडे तर दौर्बल्य उजवीकडे दिसते. कॅपाडोशियाच्या अरेटीअस या प्राचीन वैद्याने हे ताडले होते व १७१० मध्ये फ्रेंच शस्त्रवैद्य पूरफूर द्यु पेती याने त्यास शारीरशास्त्रीय पुष्टी दिली. उजव्या बाजूच्या पक्षाघातात वाचाही वारंवार जाते, कारण बहुसंख्य माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतात.

एकच हात वा पाय लुळा पडल्यास मोनोप्लेजिया आणि दोन्ही पाय गेल्यास पॅराप्लेजिया म्हणतात. हा दुसरा शब्द प्राचीन ग्रीक वैद्यकात एका बाजूच्या विकारासही लावीत. चारही अवयवांच्या घातास रूढ असलेला ‘क्वाड्रिप्लेजिया’ हा शब्द लॅटिन व ग्रीक यांचा संकर असल्याने पुष्कळ तज्ज्ञ निखळ ग्रीक ‘टेट्राप्लेजिया’ पसंत करतात.