डोंगर कोणाचे, वाट कोणाची?

दलित साहित्यात निसर्ग नाही, अशी एक जुनी तक्रार आहे. चांदणे नाही, पाऊस नाही, डोंगरावरची पहाट नाही, असे समीक्षक म्हणत आले. तक्रार करणाऱ्यांनी एक प्रश्न मात्र स्वतःला कधी विचारला नाही. आमच्या माणसांच्या वाट्याला निसर्ग आला तो कोणत्या रूपात? डोंगर म्हणजे सरपणाची मोळी. रान म्हणजे गवताचा भारा. माळ म्हणजे मेलेले ढोर ओढून न्यायची जागा. पाठीवर ओझे असले की मान खाली जाते आणि खाली मान घातलेल्याला क्षितिज दिसत नाही. म्हणून निसर्गाच्या सौंदर्याविषयी बोलण्यापूर्वी चालण्याचा इतिहास पाहावा लागतो. या देशात सगळे चालले, पण सगळे सारख्या पायांनी चालले नाहीत.

महाराच्या वतनातली कामे आठवून पाहावीत. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा, सरकारी टपाल न्यायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, कोणी मेले की पाव्हण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन जायचे. माझे आजोबा येसकर होते. रात्री-अपरात्री दहा-बारा कोस तुडवून परक्याच्या मरणाची बातमी परक्याच्या दारात द्यायची आणि दाराबाहेर उभे राहून भाकरीची वाट पाहायची, हे त्यांचे चालणे. पंचक्रोशीतली प्रत्येक पाऊलवाट त्यांना ठाऊक होती. पण त्यातली एकही वाट त्यांनी स्वतःच्या मर्जीने धरलेली नव्हती. या वेठीला १८७४ च्या वतन कायद्याचे कुंपण होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर हेच पाय होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे आमचे पाय कायद्याने आमचे झाले, त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

किल्ल्यांची गोष्टही अशीच. सह्याद्रीतल्या गडांच्या पायथ्याशी रामोशी, महार, मांग, कोळी यांच्या वस्त्या बसवलेल्या असत. गडाच्या घेऱ्यातल्या रानावर, चोरवाटांवर नजर ठेवायची, गवत-लाकूड पुरवायचे, पहारा द्यायचा ही त्यांची कामे. न्यायमूर्ती रानड्यांनीही मराठी सत्तेच्या उदयाविषयी लिहिताना त्यांची दखल घेतली आहे. मात्र पुढे गडांचा इतिहास शाळेत शिकवला गेला, तेव्हा तट राहिला, तोफ राहिली आणि पायथ्याचा माणूस वगळला गेला. ज्यांनी गड राखला त्यांच्याच नातवंडांना गड पाहायला जाण्याची परवानगी मागावी लागली.

परवानगी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादला थांबले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाजवळ पाण्याचा छोटा हौद भरलेला होता. काहींनी त्यात हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की या लोकांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. आम्ही मुसलमान झालो असतो तर आम्हांला हे पाणी घेऊ दिले असते का, असा सवाल बाबासाहेबांनी केला, तेव्हा जमाव थोडा निवला. शेवटी त्यांना आत सोडण्यात आले ते एका अटीवर : किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. हा प्रसंग त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला आणि तो पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली प्रसिद्ध झाला.

या प्रसंगाचा विचार करताना आपण पाण्यापाशी थांबतो. मला त्या शिपायाविषयी बोलायचे आहे. कोलंबिया आणि लंडनमधल्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस किल्ल्याच्या पायऱ्या चढतो आहे आणि त्याच्या हाताकडे एक बंदूक बघते आहे. अशा चढणीत डोंगराचा वारा अंगाला लागत नाही. कोणी तरी आपल्यावर नजर ठेवून आहे, या जाणिवेने अंग आखडते. अस्पृश्यतेची खरी जखम या आखडलेपणात आहे. कायद्याने हौद मोकळे झाले, तरी अंगाचा हा आखडलेपणा पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. मुलाखतीच्या खोलीत, वसतिगृहाच्या भोजनगृहात, व्यासपीठाच्या पायरीवर तो अजूनही आपल्या मुलांच्या खांद्यात दिसतो.

याच डोंगरांचा एक त्याहून जुना इतिहास आहे. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्या ठेवीच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हाताने काम करणाऱ्याकडे लोक विश्वासाने पैसा ठेवत होते आणि ती गोष्ट डोंगराच्या खडकात कोरली जात होती. पुढे त्याच बुरुडाला गावकुसाबाहेर बसवले गेले. लेण्यांकडे जाणारी वाट ही म्हणूनच आमच्यासाठी सहलीची वाट नाही. तिच्या शेवटी आमच्या हातांच्या प्रतिष्ठेचा दगडी पुरावा आहे.

डोंगरावर चालणे हा हक्काचा प्रश्न होऊ शकतो, हे इतरत्रही घडले आहे. इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार रविवारी मोकळ्या हवेसाठी जवळच्या माळरानांवर जायला बघत. पण ती माळराने जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या विशीतल्या बेकार तरुणाच्या पुढाकाराने शेकडो कामगार किंडर स्काउट या पठारावर बंदी मोडून चढले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. पण १९४९ साली तिथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली तोच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. तिथे कुंपण मालकीचे होते, आपल्याकडे कुंपण विटाळाचे. एक फरक मात्र विसरू नये. तुरुंगातून सुटलेला कामगार बाहेर कामगारच राहिला, कोणी त्याला अपवित्र म्हटले नाही.

आपल्याकडचा सर्वात उंच पुरावा अलीकडचा आहे. २५ मे २०१४ रोजी, तेलंगण राज्य जन्माला येण्याच्या आठवडाभर आधी, मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार हे दोन विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. पूर्णा निजामाबाद जिल्ह्यातल्या शेतमजुरांची आदिवासी मुलगी, वय तेरा वर्षे अकरा महिने. आनंद खम्मम जिल्ह्यातला दलित मुलगा. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. त्यांचा पहिला धडा भोनगीरच्या एकसंध खडकावर झाला. शिखरावर नेण्यासाठी त्यांच्याजवळ बाबासाहेबांचे छायाचित्र होते आणि वेठबिगारीच्या निर्मूलनासाठी झटलेले सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांचेही. येसकराच्या वाटेपासून या शिखरापर्यंतचे अंतर उंचीच्या मापाने मोजता येत नाही. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थीही त्याच शिखरावर पोचले. या मुलांना कोणी दयेचे गुण दिले नव्हते. आठ हजार मीटरवरची थंडी कोणाचे आडनाव विचारत नाही.

पण प्रत्येकाने एव्हरेस्ट चढावे असे मी म्हणत नाही. मी शिक्षक आहे. गेली काही वर्षे वसतिगृहातल्या मुलामुलींना घेऊन रविवारी जवळपासचे डोंगर, लेणी, गड चालतो. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा वाटेवर सर्वांच्या पुढे असतो. कारण ओल्या खडकावर पाय कुठे ठेवावा, करवंदाची जाळी कुठून ओलांडावी, हे त्याला लहानपणी शेळ्यांमागे फिरताना समजलेले असते. शहरातली मुले त्याला विचारू लागतात. ज्या ज्ञानाची त्याला लाज वाटत होती, तेच ज्ञान पहिल्यांदा ज्ञान ठरते. पुढच्या आठवड्यात तो वर्गात प्रश्न विचारतो. रात्र-रात्र झोप न येणारी एक मुलगी मला म्हणाली, "सर, वर असताना मला कोणी बघत नव्हतं." दौलताबादच्या शिपायाची नजर निदान एका दिवसापुरती हटली, असा मी त्याचा अर्थ लावला.

इथे एक सावधगिरी हवी. डोंगर हा जातीवरचा उतारा नव्हे. हैदराबाद विद्यापीठातला आंबेडकर विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. विज्ञान, तारे आणि निसर्ग यांच्यावर आपले प्रेम होते, असे त्याच्या अखेरच्या पत्रात आहे. निसर्गावर प्रेम करणाऱ्यालाही ही व्यवस्था जगू देत नाही, हे त्या पत्राने सांगितले. म्हणून विद्यार्थ्याला "जरा फिरून ये, बरे वाटेल" असे सांगून मोकळे होणारी संस्था त्याची फसवणूकच करते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, छळणाऱ्याला शिक्षा व्हावी, तक्रार ऐकली जावी, हे लढे डोंगरावर लढता येत नाहीत, ते खालीच लढावे लागतात. पण लढणाऱ्याचा श्वास मोठा असावा लागतो, त्याचा कणा ताठ असावा लागतो, आणि आपल्या पायांवर आपली सत्ता आहे हे त्याला अंगातून कळावे लागते. ते कळण्याची एक जागा डोंगर आहे.

तेव्हा शिक्षकांनी, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, अभ्यासमंडळे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक दिवस वाटेसाठी राखावा. फार खर्च नाही. भाकरी, पाणी, दोरखंड आणि वाट माहीत असलेला माणूस पुरेसा आहे. जाताना लेण्यातला शिलालेख वाचावा, गडाच्या पायथ्याच्या वस्तीत थांबून तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या वाटा विचाराव्यात आणि जे ऐकले ते लिहून काढावे. पायथ्याच्या माणसाचा इतिहास पायथ्याच्या माणसाच्या नातवंडांनीच लिहायचा आहे, आणि तो चालल्याशिवाय लिहिता येणार नाही.