शहाद्याचा पिंगळा

आमच्या आजोबांकडे पाखरंवाल्या साहेबाची एक गोष्ट होती. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी शहाद्याच्या बाजूला एका गोऱ्या साहेबाचा तंबू पडे. साहेब पाखरं टिपायचा, त्याची माणसं कातडं सोलून आत कापूस भरायची आणि पायाला चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायची. मेलेल्या पाखराला चिठ्ठी कशाला, हे गावातल्या पोरांना कोडंच होतं.

तो साहेब कोण, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. पण जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी त्या काळात खानदेशात पक्षी जमवत होता, हे नक्की. १८८० नंतरच्या काही वर्षांत त्याने शहाद्याकडे रानपिंगळा या जातीची घुबडं टिपली. या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं ह्यूमने, १८७३ मध्ये. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते ह्यूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे नमुने अवघे सात. १८८४ नंतर बराच काळ खात्रीची नोंदच नव्हती.

अपवाद एकच, आणि तोच घातक ठरला. ब्रिटिश कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं, तापीकाठचं मांडवी. १९५४ मध्ये त्यांनी सुमारे वीस हजार नमुने ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिले, त्यांबरोबर ही चिठ्ठीही आत गेली. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर अभ्यासक डोळे मिटून विश्वास ठेवतात. ठेवायलाच हवा, नाहीतर ती कातडी निव्वळ कातडी उरतात. पक्षी शोधणारे गुजरातेकडे वळले. तिथे काही सापडेना.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांना मात्र या कर्नलच्या नमुन्यांचा संशय आला. नायजेल कॉलर यांच्याबरोबर त्यांनी तो रानपिंगळा बारकाईने तपासला. कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं, पण मूळची घडण लपली नव्हती. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि हा हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे संग्रहालयातूनच चोरलेला खानदेशी पक्षी खोटं गाव लावून तिथेच परत आला होता! मला या चोरीचा आजही राग येतो. चोरी एका कातड्याची, पण पक्ष्याचा पत्ताच पुसला गेला.

मग रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. तिथे भर सकाळी, पानं झडलेल्या झाडावर तो उन्हात बसला होता: ठिपके जवळजवळ नसलेलं राखी-तपकिरी डोकं, पांढरं पोट, दणकट पाय. ११३ वर्षांनी.

आमच्याकडे एक भिल्ल सालदार होते, त्यांना आम्ही बाबा म्हणायचो. दिवसाढवळ्या शिकार करणारा, शेपटी झटकन इकडून तिकडे हलवणारा पिंगळा डोंगरात असतो, असं ते सांगत. आम्हाला ती थाप वाटे, कारण आमच्या घराजवळचा पिंगळा दिवेलागणीनंतरच बोलायचा. रानपिंगळा दिवसा शिकार करतो आणि शेपटी तशीच हलवतो, हे मी पुढे पक्षीशास्त्राच्या लेखांत वाचलं, तेव्हा बाबा हयात नव्हते.

पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाटातही दिसला. आणि २०१४ मध्ये थेट तानसाच्या जंगलात, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या शेजारी.