मोटार खांद्यावर घेताना

मोटारीने माणसाला वाहून न्यावे, ही रीत. माणसांनीच मोटारीचे सुटे भाग खांद्यावर घेऊन डोंगरवाट तुडवावी, असा प्रसंग १९३१ च्या पावसाळ्यात हिमालयात घडला. फ्रान्समधील मोटार-कारखानदार आंद्रे सीत्रोएन याने आशिया खंड ओलांडण्यासाठी धाडलेली ही मोहीम ‘पीतयात्रा’ या नावाने ओळखली जाते. तिचा नायक होता जॉर्ज-मारी हार्ट.

एक तुकडी बैरूतहून पूर्वेकडे निघाली, दुसरी विक्टर प्वँ याच्या नेतृत्वाखाली तिएन्त्सिनहून पश्चिमेकडे. गाड्यांना पुढे चाके आणि मागे रबरी पट्टे होते. ही रचना आदोल्फ केग्रेस याची. तो पूर्वी रशियाच्या झारच्या मोटारखान्यात होता. अशाच गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा पार केला होता. स्वयंपाक, बिनतारी यंत्र, औषधोपचार, चित्रपटाचे साहित्य, सारे गाड्यांबरोबरच चाले. ते एक फिरते बिऱ्हाडच होते म्हणा ना!

तथापि सोव्हिएत सरकारने ऐनवेळी परवानगी नाकारली आणि मध्य आशियाचा सपाट मार्ग बंद झाला. हार्टने हिमालयाची वाट धरली. हे धाडस म्हणावे की हट्ट, याविषयी मतभेद संभवतात; चाकांच्या वाहनासाठी ती वाट मुळी नव्हतीच. श्रीनगरहून गिलगिटकडे दोनच मोटारी नेण्याचे ठरले. बुर्झिल खिंड चार हजार मीटरांहून उंच. पुढे खेचरांच्या पायांनी घडलेल्या अरुंद पायवाटा. त्यात पाऊस आणि दरडी. एके ठिकाणी कडा खचला, एका गाडीचा पट्टा दरीवर अधांतरी राहिला, आणि ती मोठ्या शर्थीने सावरावी लागली. पुढे वाटच नाहीशी झालेली आढळली, तेव्हा मोटार सुटी करण्यात आली. तिचे भाग हमालांच्या पाठीवर चढले आणि पलीकडे पुन्हा जोडण्यात आले. यांत्रिकांचे कौशल्य थोर खरेच, परंतु त्या दिवशी आशिया पार करण्याचे खरे सामर्थ्य काश्मिरी हमालांच्या पायांत होते. मोहिमेच्या कीर्तीत चित्रकार याकोव्लेफ, पुरातत्त्वज्ञ आकँ यांची नावे उजळली. हमाल मात्र संख्येपुरतेच उरले.

ऑगस्टच्या आरंभी मोटारी गिलगिटला पोहोचल्या. त्यापुढे त्या नेणे अशक्यच होते. मंडळी घोड्यांवरून आणि पायी हुंझामार्गे काशगरकडे गेली.

तिकडे चिनी तुकडीला निसर्गापेक्षा सत्ताधीशाने अधिक छळले. सिंक्यांगच्या राज्यपालाने तिला उरुम्चीत अडकवून ठेवले. अखेर ऑक्टोबरमध्ये दोन्ही तुकड्या आक्सूला एकत्र आल्या. तोवर हिवाळा दाराशी आला होता. गोबीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरला. तेल गोठू नये म्हणून इंजिने रात्रंदिवस सुरू ठेवावी लागली, कारण एकदा थंड झालेले यंत्र पुन्हा जागे होईल याची शाश्वती नव्हती. इंधन जळत राही, गाडी मात्र उभी!

१२ फेब्रुवारी १९३२ रोजी मोहीम पेकिंगला पोहोचली. परतीच्या वाटेवर हार्टला हाँगकाँगमध्ये न्यूमोनियाने गाठले. दरडी आणि हिम पार करून आलेला हा नायक मार्च महिन्यात तेथेच वारला.