कियांती : एका प्रदेशनामाची व्याप्ती आणि मर्यादा

प्रदेशाच्या नावावरून तेथील मालास नाव मिळणे ही भाषाव्यवहारातील नित्याची घटना होय. परंतु मालास कीर्ती लाभली की ते नाव मूळ प्रदेशाबाहेर पसरू लागते आणि मग त्यावर हक्क कोणाचा, हा वाद उपस्थित होतो. इटलीच्या टस्कनी प्रांतातील कियांती या तांबड्या द्राक्षमद्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हा इतिहास बहुधा एका सरदाराने शोधलेल्या मिश्रणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एका शब्दाच्या अर्थविस्ताराचा व अर्थसंकोचाचा इतिहास आहे, आणि मिश्रणाचा प्रश्न हा त्याचा केवळ एक भाग ठरतो.

कियांतीच्या टेकड्या फ्लॉरेन्स व सिएना या नगरांच्या मध्ये पसरलेल्या आहेत. द्राक्षमळे साधारणतः २०० ते ७०० मीटर उंचीवर आढळतात. जमीन हलकी व दगडाळ आहे. पापुद्र्यांनी सुटणाऱ्या मातकट खडकाला तेथील शेतकरी ‘गालेस्त्रो’ म्हणतो, तर कठीण चुनखडकाला ‘आल्बेरेसे’. अशा जमिनीत पाणी साचत नाही, वेलीची वाढ आवरली जाते आणि फळ कमी पण कसदार येते. येथील मुख्य वाण सांजोवेजे हे उशिरा पिकणारे आहे. त्याच्या मद्याचा रंग माणकासारखा, फारसा गडद नसलेला. वास चेरीच्या फळाची व व्हायोलेटच्या फुलाची आठवण देणारा. आणि चव आंबटपणा व तुरटपणा या दोन्ही गुणांनी युक्त असते. ऑलिव्हचे तेल आणि भाजलेले मांस यांच्या जेवणाशी तिचा चांगला मेळ बसतो. सांजोवेजे या नावाचा अर्थ ‘ज्यूपिटरचे रक्त’ असा सांगितला जातो. मात्र ही लोकव्युत्पत्ती असावी. कियांती या नावाचा संबंध कोणी एट्रुस्कन व्यक्तिनामाशी, तर कोणी तुतारीच्या नादाचा वाचक असलेल्या लॅटिन शब्दाशी जोडतात. त्यांपैकी कोणतेही मत निर्णायक ठरलेले नाही.

प्रारंभी हे नाव निव्वळ भूमीचे होते. दोन्ही नगरांच्या सीमेचा निकाल कोंबड्याच्या आरवण्याबरोबर निघालेल्या दोन स्वारांनी लावला, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री आधार आहे तो १२०३ च्या लवादाचा. त्यान्वये कियांतीचा बहुतेक भाग फ्लॉरेन्सकडे गेला. पुढे राद्दा, गायोले व कास्तेल्लिना या तीन गावांचा संरक्षणार्थ ‘कियांती संघ’ स्थापन झाला. काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह होते. म्हणजे आज बाटलीवर दिसणारा कोंबडा मुळात मद्याचा नव्हे, तर सरहद्दीच्या पहाऱ्याचा निदर्शक होय. १५५५ मध्ये सिएनाचा पाडाव झाला आणि या सरहद्दीचे लष्करी महत्त्व ओसरले.

मद्याच्या संदर्भात या नावाचा आरंभीचा उल्लेख प्रातो येथील व्यापारी फ्रान्चेस्को दातीनी याच्या दप्तरात, १३९८ च्या कागदात, सापडतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे निर्दिष्ट केलेले मद्य पांढरे आहे. यावरून त्या काळी ‘कियांती’ या शब्दाने मद्याचा रंग किंवा घटक सूचित होत नसून केवळ त्याचे मूळस्थान सूचित होत असे, हे स्पष्ट होते.

नावाला बाजारात किंमत आल्यावर राज्यसत्तेने त्यात लक्ष घातले. सप्टेंबर १७१६ मध्ये ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचे आर्नो खोरे या चार मद्यप्रदेशांच्या सीमा ठरवल्या. कियांतीच्या सीमेत स्पेदालुत्सोपासून ग्रेवे व पान्झानोपर्यंतचा भाग आणि वरील तीन गावांचा मुलूख, सिएनाच्या हद्दीपर्यंत, समाविष्ट होता. परदेशी जाणाऱ्या मालात होणारी लबाडी थांबवणे हा या फर्मानाचा हेतू होता. मद्यप्रदेशाची सीमा कायद्याने आखण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

एकोणिसाव्या शतकात शब्दाच्या अर्थात दुसरा घटक शिरला. ब्रोलिओ गढीचा बेत्तीनो रिकासोली हा काव्हूरनंतर इटलीचा पंतप्रधान झाला. १८७२ मध्ये त्याने पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांस पत्र लिहून आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष कळवले. सांजोवेजे मद्यास सुगंध व जोम देते, कानायोलो त्याचा करडेपणा मृदू करते आणि मालवाझिया हे पांढरे वाण त्यास हलके करते, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र मुरवण्यासाठी ठेवावयाच्या मद्यात मालवाझिया नसावे, हेही त्याने नमूद केले होते. या उत्तरार्धाकडे पुढे दुर्लक्ष झाले.

दरम्यान आसपासचे उत्पादक आपल्या मालास ‘कियांती धर्तीचे’ म्हणू लागले, आणि हळूहळू ‘धर्तीचे’ हे पद गळून पडले. याविरुद्ध १९२४ मध्ये राद्दा येथे ३३ उत्पादकांनी संघ स्थापून काळ्या कोंबड्याचे चिन्ह स्वीकारले. तथापि जोव्हान्नी दाल्मास्सो यांच्या समितीने व्यापारातील रूढ प्रयोगास मान्यता दिली. १९३२ च्या सरकारी हुकुमाने कियांतीचे सात विभाग झाले. मूळ प्रदेशास ‘क्लासिको’ हे विशेषण लावून त्यांतील एक विभाग बनवण्यात आले. हा विभागही १७१६ च्या सीमेहून मोठा होता. ज्याचे नाव होते त्यालाच विशेषण घ्यावे लागले.

या वादात एक पक्ष प्रायः अनुल्लेखित राहतो. मळ्यांतील श्रम ‘मेद्झाद्रिया’ या अर्धेलीच्या पद्धतीने कसणाऱ्या कुटुंबांचे होते. निम्मे उत्पन्न जमीनमालकाचे असे. वेल, ऑलिव्ह व धान्य एकाच शेतात घेतले जाई. चांगले मद्य बाजारात जाई आणि चोथ्यावर पाणी घालून काढलेले पातळ पेय कुळाच्या घरी प्यायले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे शहरांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. ओस पडलेल्या शेतांत निव्वळ द्राक्षांची सलग लागवड झाली, पण तीत गुणापेक्षा उताऱ्यास अधिक महत्त्व मिळाले.

त्यातच १९६७ च्या नियमाने १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. रिकासोलीने रोजच्या मद्यापुरती सुचवलेली सवलत येथे सर्व कियांतीचा दंडक बनली. परिणामी चोखंदळ उत्पादकांनी नावच सोडले. आन्तिनोरी घराण्याचे तिन्यानेल्लो हे मद्य १९७१ च्या पिकापासून कियांतीच्या नावाशिवाय, कायद्याच्या दृष्टीने ‘साधे मेजावरचे मद्य’ म्हणून, विकले गेले आणि अधिक किंमत मिळवू लागले. नाव व गुण यांची फारकत झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. त्यानंतर नियम क्रमाने बदलले. १९८४ मध्ये कियांतीस सर्वोच्च दर्जा मिळून पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण घटले, १९९६ मध्ये क्लासिकोस स्वतंत्र नियमावली मिळाली आणि २००६ च्या पिकापासून तीत पांढऱ्या द्राक्षांस मनाई झाली. २०२१ मध्ये क्लासिकोच्या उत्पादकसंघाने अंतर्गत ११ भूभागांची नावे मंजूर केली.

वाण आणि नाव यांतील भेद महाराष्ट्रातही दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात सांजोवेजेची लागवड झाली आहे; तेथील मद्यास सांजोवेजे म्हणता येते, कियांती म्हणता येत नाही. वेल स्थलांतर करू शकते, प्रदेशनाम करू शकत नाही.

एकंदरीत कियांती या शब्दाने प्रथम भूमी, नंतर त्या भूमीचे मद्य, पुढे मद्याची धर्त आणि अखेर पुन्हा भूमी असे अर्थ धारण केले. यांतील प्रत्येक अर्थांतराने कोणाचा तरी लाभ व कोणाची तरी हानी झाली. नियमाने शब्दाचा अर्थ बांधता येतो. पण नियमच मूळ गुणास प्रतिकूल झाला, तर जाणते उत्पादक त्या शब्दाचा त्याग करतात, हे १९६७ नंतरच्या अनुभवाने सिद्ध केले आहे.